सुविचारावर लिहायचं तर

तुझा लेख वाचला. वर 'कायकवे कैलास' (काम हाच कैलास) हे कन्नड वचन, खाली श्रमाची थोरवी. सगळं ओळखीचं, म्हणूनच कुठं अडखळलो नाही. तिथंच गोची आहे.

आधी वचन कुणाचं ते बघ. तू बसवेश्वरांचं लिहिलंस. सोलापुरात आपण सगळेच तसं म्हणतो. पण हे शब्द येतात १२व्या शतकातल्या आयदक्की मारय्यांच्या वचनात. सांडलेले तांदूळ वेचणं हे त्यांचं काम. एकदा जास्त आणले, तर बायको लक्कम्मा म्हणाली, एवढी हाव कशाला, परत टाकून या. ही गोष्ट कळली की तेच दोन शब्द वेगळे लागतात. (सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतले आपले सिद्धरामेश्वरही अशी वचनं रचणारेच बरं का.)

मग गल्लीत बघ. तुमच्या शेजारच्या मावशी विड्या वळतात ना? मांडीवर सूप, कात्रीनं कापलेलं पान, चिमूटभर तंबाखू, दोऱ्याचा वेढा. मोजून देताना काही विड्या बाद होतात, ती मेहनत वाया. त्यांना 'काम हाच कैलास' ऐकवून बघ आणि काय म्हणतात ते लिही. वचनाशी भांडलास तरी चालतंय की!

मीही सुरुवातीला 'मन करा रे प्रसन्न'वर तीन पानं खरडली होती. आईनं वाचून विचारलं, "यात तू कुठंयस रे?" आणि भाकरी थापायला गेली.

शेवटचा 'म्हणूनच मित्रहो'वाला परिच्छेद काढून टाक. रविवारी नवा खर्डा घेऊन ये. कडक भाकरी, शेंगाचटणी आहेच.