गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यातल्या नव्या सेफ्टी ऑफिसरला
सेफ्टी ऑडिट येतंय म्हणून भिंती रंगवायच्या मागे लागू नकोस. आपणहून मागवलेलं ऑडिट आहे, इन्स्पेक्टरची धाड नव्हे. आयएस १४४८९, म्हणजे सेफ्टी ऑडिटचं भारतीय मानक, हाताशी ठेव, पण फायलींआधी माणसांकडे जा. ऑडिटर तुला बाजूला ठेवून थेट कामगाराला विचारतात, "टाकीत उतरण्याआधी काय तपासतोस?" कंत्राटी पोरंही सुटत नाहीत. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरायचं नाही, हे ओडिशाहून आलेल्या हेल्परला त्याच्या भाषेत कळलंय का, बघ. निअर मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं, रजिस्टर कोरं दिसलं की ऑडिटरना संशय येतो, आणि यायलाच हवा. म्हणून मागच्या तारखा घालून ते भरू नकोस. राहिलेल्या त्रुटी नाव आणि मुदतीसह सरळ दाखव. लोडिंगच्या जागी पावसात धरलेलं शेवाळ मात्र आजच घासून घे.