लाईट गेल्यामुळे तुमचा कधी अनपेक्षित फायदा झालाय का?

फायदा म्हणजे लाईट गेली की "सगळे एकत्र येतात, गप्पा होतात" वगैरे म्हणतात ते ठीक आहे, पण ते दहा मिनिटं, मग डास चावायला लागतात. मी वेगळं सांगते.

12 ऑक्टोबर 2020 आठवतंय का? सोमवार होता. मुंबईकडे वीज आणणाऱ्या, कळवा-पडघा भागातल्या 400 केव्हीच्या मोठ्या लाईन ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या, आणि सकाळी 10 च्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं एका झटक्यात ठप्प. लोकल जागच्या जागी उभ्या, युनिव्हर्सिटीचे ऑनलाइन पेपर पुढे ढकलले. आम्ही ठाण्यात, सात मजली बिल्डिंग, घरात वर्क फ्रॉम होम आणि पोराची ऑनलाइन शाळा दोन्ही एकदम बंद. पोरगं इतकं खूश की विचारू नका.

तर त्यावेळी अधिक महिना चालू होता आणि संपायला चारच दिवस राहिलेले. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा जावई यायचा होता म्हणून त्यांनी अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, त्या दिवशी सकाळी निथळून पंच्यावर पसरले होते. हे तांदूळ ओलसर असतानाच दळावे लागतात, कडक वाळले की मेहनत वाया, आणि अर्धे मिक्सरमधून काढून झाले नि लाईट गेली!! ऑक्टोबर हीट, त्यात पंखे बंद म्हणून सगळ्यांची दारं उघडी, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे जो तो जिन्यात, त्यामुळे काकूंची हळहळ पार खालपर्यंत पोचली.

तळमजल्यावरच्या आजींकडे लोखंडी खलबत्ता निघाला, माळ्यावर पडलेला, त्यांच्या सासूबाईंचा. त्यांनी स्वतः पुसून वर पाठवला. मग काय, जिन्याच्या लँडिंगवर चटई टाकून आम्ही दोघी-तिघी मास्क लावून आळीपाळीने कुटत बसलो, आजी खालून ओरडतायत "एकदम जास्त घालू नका गं, मूठमूठ घाला", आणि काकू चाळणीने चाळून जाड कणी परत खलात टाकतायत. हात भरून आले, खोटं कशाला बोलू. पण गंमत अशी की गूळ घालून गोळे करून ठेवले आणि तीन-चार दिवसांनी तळले, तर कुटलेल्या पिठाच्या अनारशांना जी जाळी पडली ती मिक्सरच्या पिठाला नाही पडली, मिक्सरवाल्यांतले तर दोन-तीन तुपात हसले सुद्धा, म्हणजे विरघळून पसरले. आता ते कुटल्यामुळे की गुळाच्या प्रमाणामुळे यावर काकू आणि आजींचं अजून एकमत नाही, मी आजींच्या बाजूने.

त्या दिवसापर्यंत या दोघी एकमेकींना फक्त लिफ्टमधल्या "काय, बऱ्या ना" पुरत्या ओळखत होत्या बरं का. आता खलबत्ता वरच असतो आणि आजींच्या औषधांची चिठ्ठी काकूंच्या मुलाकडे.

दुसरा फायदा अगदी रुक्ष आहे. पंप बंद म्हणून वरच्या टाकीतलं पाणी संपत आलं तेव्हा कळलं की खालच्या टाकीतून हाताने पाणी काढायची सोयच नाहीये, झाकण उघडून दोरी-बादली. वर्षानुवर्षं मीटिंगमध्ये फक्त पार्किंगवरून भांडणं, पण त्यानंतरच्या मीटिंगमध्ये हातपंप बिनविरोध पास झाला, मला वाटतं सोसायटीच्या इतिहासातला पहिलाच बिनविरोध ठराव.

बाकी लाईट जाणं छान असतं असं मी म्हणणार नाही. कोविडचा काळ होता, ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन चालू होतं त्यांना जाऊन विचारा कसली मजा ते. आणि लाईट फडफडायला लागली तर लिफ्टमध्ये अजिबात शिरू नका, आमच्याकडे एक काका अडकले होते, बाहेर आल्यावर पहिला प्रश्न त्यांनी विचारला, अनारसे कोणाकडे चाललेत?