भाषेची शंका: 'यूज्ड टू'चा 'डी' कुठे ठेवायचा आणि कुठे काढायचा

'ही डिडन्ट यूज टू प्ले' असं एका मुलाने लिहिलं, दुसऱ्याने तेच 'यूज्ड' असं 'डी' लावून. मार्क कोणाचा कापायचा? (एक शिक्षिका, बार्शी)

'डी' लावणाऱ्याचा. भूतकाळ 'डिड'ने आधीच दाखवलेला आहे, त्यामुळे पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं. आपण 'डिडन्ट प्लेड' लिहीत नाही, त्यातलाच हा प्रकार. प्रश्नातही तेच: 'डिड यू यूज टू प्ले?' होकारार्थी वाक्यात मात्र 'डी' हवाच: 'ही यूज्ड टू प्ले'.

तरीही त्या मुलाला फार रागावू नका. 'डिड'नंतर 'डी' लावलेलं रूप छापील इंग्रजीतही सर्रास दिसतं. कारण उच्चारात आहे. 'यूज्ड'च्या शेवटचा ड् आणि 'टू'चा ट्, दोन्ही बोलताना जीभ एकाच जागी टेकते, म्हणून दोन्हींचा मिळून एकच आवाज निघतो. त्या ट्-पायी आधीचा झ्-सारखा आवाजही स् होतो. 'हॅव टू'चं बोलताना 'हॅफ टू' होतं, तसंच. शेवटी कानावर पडतं ते 'यूस्टू'. 'डी' आहे की नाही, हे ऐकून कळणं अशक्यच.

परीक्षेत खात्रीचा मार्ग हवा असेल तर 'नेव्हर' शिकवा: 'ही नेव्हर यूज्ड टू प्ले'. इथे 'डिड' नाही, म्हणून 'डी' राहतो आणि वादच मिटतो. 'यूज्ड नॉट टू' आणि 'यूजन्ट टू' ही जुनी ब्रिटिश वळणं आहेत. चूक नाहीत, पण आज ती पुस्तकी वाटतात.

'यूज' म्हणजे वापरणे. मग त्यातून 'पूर्वी करायचो' हा अर्थ आला कुठून? (एक वाचक, नागपूर)

'यूज' इंग्रजीत आला तो तेराव्या शतकाच्या सुमारास, जुन्या फ्रेंचमधून. त्याचं मूळ लॅटिनमध्ये. त्याआधी इंग्रज 'वापरणे' यासाठी 'ब्रूकन' म्हणत. पाहुण्याने घरमालकाला बाहेर काढलं. ते जुनं क्रियापद आज 'ब्रूक' या रूपात 'खपवून घेणे' एवढ्या अर्थापुरतं उरलं आहे, आणि तेही बहुतेक नकारार्थीच.

'यूज'चा अर्थ वस्तू वापरण्यापुरता नव्हता. एखादी रीत पाळणे, एखादी गोष्ट नित्यनेमाने करणे, हेही त्यात येत असे. त्यामुळे पुढे दुसरं क्रियापद जोडलं की अर्थ होई 'ते करण्याची सवय असणे'. आणि हे तेव्हा फक्त भूतकाळापुरतं नव्हतं. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये स्तोत्र 119 मध्ये देवाला विनवणी आहे: तुझ्या नावावर प्रेम करणाऱ्यांशी तू जसा वागतोस, तसा माझ्यावर दया कर. तिथे चक्क वर्तमानकाळी 'यूजेस्ट टू डू' आहे. त्याच बायबलच्या निर्गम या पुस्तकात मारकुट्या बैलाचा कायदा आहे. बैलाला पूर्वीपासून शिंगं मारायची खोड आहे हे माहीत असूनही मालकाने त्याला बांधून ठेवलं नाही, तर भरपाई मालकाने द्यायची. त्या बैलाबद्दल शब्द आहेत 'हॅथ यूज्ड टू पुश'.

पुढे वर्तमानकाळी रूप मेलं. त्याची गरजच उरली नव्हती, कारण 'आय गो' एवढ्यानेच 'मी नेहमी जातो' हे कळतं. 'आय वेन्ट' मात्र एकदाच गेलो की नेहमी जायचो, हे सांगत नाही. भूतकाळात ही अडचण होती, म्हणून 'यूज्ड टू' तिथे टिकलं. आपल्याकडे हेच काम 'जायचो', 'जात असे' आणि जुन्या वळणाचं 'जाई' करतात.

मग 'आय यूज टू गेट अप ॲट सिक्स' म्हणजे 'मी सहाला उठतो', हे चुकीचं? (एक वाचक, ठाणे)

आजच्या इंग्रजीत चुकीचंच. ऐकणारा 'यूस्टू' ऐकतो आणि तुम्ही आता सहाला उठत नाही, असं समजतो. 'आय यूज्वली गेट अप ॲट सिक्स' म्हणा.

'आय ॲम यूज्ड टू गेट अप अर्ली' यात काय बिघडलं? (एक विद्यार्थिनी, पणजी)

'गेट'च्या जागी 'गेटिंग' हवं. आधी 'ॲम', 'इज', 'वॉज' किंवा 'गेट' आलं की 'यूज्ड' हे विशेषण होतं, अर्थ 'सरावलेला'. मग 'टू' क्रियापदाचा भाग राहत नाही, शब्दयोगी होतो, आणि त्यापुढे नाम किंवा 'आयएनजी' रूप लागतं: 'यूज्ड टू द हीट', 'यूज्ड टू गेटिंग अप'. ताळा करायचा असेल तर 'टू'नंतर 'इट' घालून पाहा. 'आय ॲम यूज्ड टू इट' जमतं, म्हणून 'आयएनजी'. 'आय यूज्ड टू इट' जमत नाही, म्हणून तिथे मूळ रूप.

तिसरा प्रकार कर्मणीचा: 'अ नाइफ इज यूज्ड टू कट ब्रेड'. इथे 'वापरला जातो' हाच साधा अर्थ आहे, आणि उच्चारही 'यूझ्ड' असा, झाडातल्या झ-सारखा.

'यूज्ड टू'ऐवजी 'वुड' कुठेही चालतं का? (एक वाचक, सोलापूर)

पुन्हापुन्हा केलेल्या कृतीसाठी चालतं, पण काळ आधी सांगितलेला हवा: सुट्टीत आम्ही गावी जायचो, तिथे विहिरीत पोहायचो. यातल्या 'पोहायचो'ला 'वुड स्विम' शोभतं. स्थितीसाठी मात्र नाही. 'मी पूर्वी साताऱ्यात राहायचो' याला 'आय यूज्ड टू लिव्ह' हवं. 'आय वुड लिव्ह' म्हटलं तर 'मी राहीन, पण...' असा अटीचा वास येतो.

एकूण कालावधी किंवा एकूण वेळा सांगताना तर दोन्ही टाळा. 'तीन वर्षं साताऱ्यात होतो' याला 'आय लिव्ड इन सातारा फॉर थ्री यर्स' पुरतं. तिथे 'यूज्ड टू' घालणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. 'आठवड्यातून तीनदा' चालेल, कारण ती वारंवारता झाली. नुसतं 'तीनदा' चालणार नाही.