एनआयसीयूतली फिजिओथेरपी: बाबांना काय सांगू?

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात राहते, बारावी सायन्सला आहे. ताईचं बाळ बत्तिसाव्या आठवड्यात झालं आणि श्वासाच्या त्रासामुळे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं. तिथल्या फिजिओ मॅडम त्याच्या छातीवर दोन बोटांनी हलकं थोपटायच्या, पालथं झोपवायच्या. आता ताई घरीही त्याला तसंच झोपवते. मला हेच काम करायचंय. बाबा म्हणतात, मालिश करायला एवढी वर्षं कशाला शिकायचं?

उत्तर: करिअरचं नंतर. आधी ताईला फोन कर. बाळाला घरी पालथं झोपवायचं नाही, उताणंच झोपवायचं. पालथं ठेवल्यावर काही बाळांचा ऑक्सिजन सुधारतो, हे खरं. पण एनआयसीयूत पायाला ऑक्सिजन मोजणारा प्रोब बांधलेला असतो, आकडा घसरला की मॉनिटर ओरडतो. घरी रात्री दोन वाजता कोण ओरडणार? डॉक्टरांनी मुद्दाम वेगळं सांगितलं असेल, तर त्यांनाच पुन्हा विचारा.

आता बाबांचं. नवजात बाळ मिनिटाला साधारण 40 ते 60 श्वास घेतं. बरगड्या मऊ आणि जवळजवळ आडव्या, त्यामुळे सगळा भार श्वासपटलावर. अपुऱ्या दिवसांच्या बाळात फुप्फुसं उघडी ठेवणारं सर्फॅक्टंट कमी पडतं. तिथे थोपटून काय होणार? काढायला कफच नसतो. त्या बाळाला सर्फॅक्टंट आणि सीपॅप, म्हणजे नाकातून सतत हवेचा दाब देणारं यंत्र लागतं. पुढे कफ साठून फुप्फुसाचा एखादा भाग मिटला, तर फिजिओला बोलावतात. तेव्हाही मोठ्या माणसासारखं डोकं खाली करायचं नाही, कारण अशा बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. 1990च्या दशकात ऑकलंडमध्ये फार लवकर जन्मलेल्या काही बाळांच्या मेंदूला झालेल्या इजेचा संबंध छातीच्या फिजिओथेरपीशी असावा, असं समोर आलं आणि त्याची चौकशीही झाली.

त्या मॅडमनी थोपटण्याआधी एक्स-रे पाहिला असणार, स्टेथोस्कोप लावला असणार, शेवटचं दूध कधी दिलं ते सिस्टरना विचारलं असणार. तुला दिसली ती फक्त दोन बोटं. आणि कित्येकदा आज हात लावायचा नाही असं ठरवून त्या पुढच्या बाळाकडे गेल्या असतील. वर्षं लागतात ती हे शिकायला.

एनआयसीयूची वेगळी पदवी नसते. आधी बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी. महाराष्ट्रात प्रवेश नीटच्या गुणांवर, राज्याच्या सीईटी सेलमार्फत. मुंबईत केईएम आणि नायर, नागपुरात शासकीय मेडिकल, हे पर्याय वर ठेव. खासगीपेक्षा फी बरीच कमी. अभ्यासक्रमाचा कालावधी सध्या बदलतोय, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रकच प्रमाण मान. नंतर एमपीटीएच, म्हणजे पदव्युत्तर पदवी, हृदय-श्वसन किंवा बालरोग विषयात.

स्पष्टच सांगते, नुसत्या एनआयसीयूची नोकरी क्वचितच मिळते. सकाळी बायपास झालेले आजोबा, दुपारी कुणाचा गुडघा, मध्येच एनआयसीयूचा कॉल, असा दिवस असतो. माझ्या मते जास्त काम बाळ घरी गेल्यानंतरचं आहे: मान धरतंय का, बसतंय का, एक हात आखडलाय का. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डीईआयसी, म्हणजे बाळांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्रांत यासाठी फिजिओथेरपिस्टचं पद असतं. बहुतेक कंत्राटी, हेही बाबांपासून लपवू नकोस.

बाळाला पुढच्या तपासणीला नेतील तेव्हा ताईबरोबर जा. त्या मॅडमना दहा मिनिटं माग आणि विचार, त्यांना एनआयसीयूत पहिल्यांदा शिक्षणाच्या कितव्या वर्षी पाठवलं आणि बाळाला हात लावायला कधी दिला.