जत्रेत झालेल्या जुन्या दुर्घटनेची आठवण सभागृहात करावी का? आमचा नाशिकचा अनुभव

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गावच्या जत्रेत तीस वर्षांपूर्वी चेंगराचेंगरी झाली, बाहेरगावची बरीच माणसं गेली. आता सभागृहात कार्यक्रम घेऊन तिची आठवण करायची म्हटलं तर लोक म्हणतात, जुनी दुखणी कशाला उकरता. करावी की नाही, आणि करायची तर कशी?

करा. मी नाशिकच्या पंचवटीत वाढले, आणि आम्ही काही जणांनी हे एकदा केलं आहे.

२७ ऑगस्ट २००३. सिंहस्थ कुंभमेळ्यातली शाहीस्नानाची पर्वणी होती आणि श्रावण अमावास्या, म्हणजे पोळा. दोनच दिवस आधी मुंबईत गेटवे आणि झवेरी बाजारात स्फोट झाले होते, त्यामुळे सगळ्यांच्या मनात भीती होती ती बॉम्बची. तपोवनातल्या साधुग्रामातून आखाड्यांच्या मिरवणुका रामकुंडाकडे निघाल्या होत्या. सरदार चौकाकडून गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) उतरणारी वाट अरुंद, त्यात उताराची, दोन्ही अंगांना जुनी घरं. आखाडे पुढे जाईपर्यंत भाविकांना बॅरिकेडमागे थोपवून धरलं होतं. मागून लोक येतच राहिले. मिरवणुकीतून चांदीची नाणी उधळली गेली आणि ती घ्यायला झुंबड उडाली, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. त्या दिवशी ३९ जण गेले. त्यांत बायका जास्त होत्या.

आमच्या घरी देवापुढे मातीचे बैल मांडलेले होते, पुरण शिजत होतं. आरडाओरडा ऐकून आईनं वाड्याचा दिंडीदरवाजा उघडला आणि हाताला येईल त्याला आत ओढलं. मी तांब्यानं पाणी देत होते. एका म्हाताऱ्या आजींनी पाणी प्यायला तांब्या धरला तो एकाच हातानं, कारण दुसऱ्या मुठीत बरोबरच्या बाईच्या पदराचा फाटलेला तुकडा होता. ती मूठ त्यांनी संध्याकाळपर्यंत सोडली नाही. त्यांचं गाव विचारायचं मला सुचलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

तुमच्या प्रश्नाचं खरं मूळ मला इथंच दिसतं. गेलेली माणसं यात्रेकरू होती. त्यांचं सुतक त्यांच्या त्यांच्या गावी पाळलं गेलं, वर्षश्राद्धं तिकडेच झाली. नागपूरला २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावरच्या मोर्चात गोवारी समाजाचे ११४ बांधव चेंगरून गेले, तिथे स्मारक उभं राहिलं, उड्डाणपुलाला त्यांचं नाव मिळालं, दर वर्षी माणसं जमतात. कारण त्यांच्यामागे त्यांचा समाज उभा होता. जत्रेत मेलेल्या माणसांमागे त्या गावात कोणीच नसतं. मग त्यांची आठवण ठेवायची कोणी? ज्यांच्या दारात ती गेली त्यांनीच.

महापुराचं तसं नसतं. गंगेला पूर आला की पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, यावर अख्खं नाशिक बोलतं, आणि १९६९ च्या पुराच्या गोष्टी तर आम्ही आजोबांकडून ऐकत मोठे झालो. पुराची खूण भिंतीवर राहते. चेंगराचेंगरीची राहत नाही. ढीगभर चपला उचलल्या जातात, रस्ता धुतला जातो, दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा फुलवाले बसतात.

आम्ही एका वाचनालयाचा छोटा हॉल मागितला. "विषय जरा नकारात्मक आहे" असं ऐकायला मिळालं, पण मिळाला. अध्यक्ष, हारतुरे, दीपप्रज्वलन, सूत्रसंचालन यातलं काही ठेवलं नाही. खुर्च्या भिंतीला लावल्या आणि मधल्या फरशीवर खडूनं त्या वाटेचा नकाशा काढला: चौक, उतार, खाली कुंड. आलेल्यांना एवढंच सांगितलं, त्या दिवशी तुम्ही जिथे होतात तिथे उभे राहा.

दहा मिनिटं कोणी हललं नाही. मग फुलं विकणाऱ्या एक मावशी उठल्या, आमची खडूची रेघ पायानं पुसली आणि म्हणाल्या, "एवढी रुंद नाही गं ती गल्ली. माझी पाटी ठेवली की जायला जागा उरायची नाही." त्यांनी स्वतः नवी रेघ काढली. त्यानंतर माणसं उठत गेली. एक निवृत्त हवालदार उताराच्या खालच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, "वरून रेटा येत होता आणि वर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. मी शिट्टी वाजवत होतो, ती मलाच ऐकू येत नव्हती." घरीसुद्धा हे कधी बोलले नव्हते, असं त्यांच्या मुलीनं नंतर मला सांगितलं.

एका डॉक्टरांना आम्ही मुद्दाम बोलावलं होतं. लोक सर्रास म्हणतात, "पब्लिकला शिस्त नाही, तुडवून मारलं एकमेकांना." ते म्हणाले, अशा गर्दीत बहुतेक माणसं तुडवली जाऊन मरत नाहीत, चहूबाजूंनी छाती दाबली जाते, फुगायला जागा राहत नाही, श्वास थांबतो. माणूस उभ्या उभ्या जाऊ शकतो. मागून रेटणाऱ्याला पुढे काय होतंय ते कळतही नाही. हे ऐकल्यावर हॉलमधला सूरच बदलला. वीस वर्षं मेलेल्यांवर ढकललेला दोष तिथे खाली ठेवला गेला, असं मला वाटलं. तुम्हीही एखाद्या जाणकार डॉक्टरांना बोलवाच.

नावं वाचलीत तर घाई करू नका. वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली असतात, घटनेच्या दिवसापासून पुढचे पंधरा दिवस चाळा. जखमींतले काही नंतर जातात आणि त्यांची नावं आतल्या पानावर दोन ओळींत येतात. नावाबरोबर गाव वाचा. आम्ही वाचली तेव्हा गाव ऐकून मागच्या रांगेतून हुंकार यायचा. मृतांचे फोटो मात्र भिंतीवर लावू नका. आम्हीही आधी लावायचे ठरवले होते. घरच्यांना न विचारता कोणाला तसं दाखवण्याचा आपल्याला हक्क नाही, हे फुलवाल्या मावशींनीच आम्हाला सुनावलं.

"उकरता कशाला" म्हणणाऱ्यांचा राग धरू नका, त्यांच्यातही त्या दिवशी तिथे असलेले असतात. त्यांना पत्रिका पाठवू नका, घरी जाऊन चहा प्या. त्यांना कारणही सांगा. २०१५ च्या सिंहस्थात नाशिकला नवे घाट बांधले, गर्दी एकट्या रामकुंडावर येऊ न देता पसरवली, आणि चेंगराचेंगरी झाली नाही. हे २००३ आठवणीत होतं म्हणून जमलं. आता २०२७ चा सिंहस्थ येतोय, आणि घाटावर उभी राहणारी कितीतरी पोरं तेव्हा जन्मलेलीही नव्हती. आमच्या हॉलमध्ये अशी सहा-सात कॉलेजची मुलं होती. कार्यक्रम संपल्यावर ती खडूच्या नकाशावर त्या उताराच्या जागी एकमेकांना खेटून उभी राहिली, किती माणसं मावतात ते मोजायला. नंतर त्यातली दोघं मावशींबरोबर खऱ्या सरदार चौकात गेली, टेप घेऊन.