धेंपोच्या जुन्या खेळाडूंपैकी सगळ्यात जास्त कोण आठवतो? आणि गोव्यातले लोक अजून जुन्याच खेळाडूंबद्दल का बोलत बसतात?

‘सगळ्यात जास्त’ असं विचारलंय, म्हणून एकच नाव देतो. समीर नाईक, धेंपो या आमच्या गोव्याच्या फुटबॉल क्लबचा बचावपटू.

हे वाचून धेंपोचे निम्मे चाहते विचारतील, रँटी कुठे गेला? बेतो? क्लिफर्ड? थांबा जरा. पंधरा वर्षांपूर्वी हा प्रश्न आला असता तर मीसुद्धा ‘रँटी मार्टिन्स’ असे दोन शब्द लिहून मोकळा झालो असतो. हिशेब त्याच्याच बाजूने आहे. २०१०-११ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, ३० गोल, त्याच्या पुढच्या मोसमात ३२. एअर इंडियाला आम्ही १४-० हरवलं ते मे २०११ मध्ये. त्या दिवशी मी पणजीत कामावर अडकलो होतो आणि एक मित्र एसएमएस करून स्कोअर कळवत होता. ‘६’, मग ‘७’, मग ‘८’. नववा मेसेज आला तेव्हा मला वाटलं हा थट्टा करतोय, म्हणून फोन बंद करून ठेवला. संध्याकाळी चालू केला तर चौदापर्यंतचे सगळे मेसेज रांगेत उभे. त्यातले सहा गोल एकट्या रँटीचे.

पण गंमत अशी की आज रँटी आठवायला गेलो तर मला गोल आठवतात, माणूस आठवत नाही. जाळी हलते, सगळे उठून उभे राहतात, समोरच्याची छत्री माझ्या तोंडासमोर येते आणि चित्र संपतं. समीरचं तसं नाही. तो कसा उभा राहायचा, हात कुठे दाखवायचा, बॉल पलीकडच्या टोकाला असताना काय करायचा, हे सगळं मला अजून दिसतं. याचं श्रेय माझ्या वास्कोच्या मामाला. तो कट्टर साळगावकरवाला, म्हणजे गोव्यातल्याच समोरच्या क्लबचा, त्यामुळे हे कबूल करताना जरा जड जातं.

आमचं कुटुंब मूळचं पेडण्याचं. शाळा मराठी, घरात बोलणं अर्धं कोकणी, अर्धं मराठी. वडील नोकरीसाठी पणजीत आले म्हणून मी धेंपोचा झालो. मामा मुरगाव बंदरात कामाला लागला म्हणून तो साळगावकरचा. गोव्यात क्लब असाच ठरतो, त्यात निवडण्यासारखं फारसं काही नसतं. वार्क्यात जन्मला असता तर चर्चिल ब्रदर्सचा झाला असता, एवढंच.

मामाचं दैवत म्हणजे ब्रह्मानंद शंखवाळकर. ताळगावचा माणूस, साळगावकरचा गोली, भारताचा कर्णधार. १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०२२ मध्ये पद्मश्री. पद्मश्री जाहीर झाली त्या रात्री मामाने मला फोन करून फक्त एक आकडा सांगितला आणि फोन ठेवला: ‘पांचशें शाहत्तर.’ हा आकडा मी लहानपणापासून पाढ्यासारखा ऐकत आलोय. राज्यांच्या संघांच्या संतोष ट्रॉफीत ब्रह्मानंदने सलग ५७६ मिनिटं एकही गोल होऊ दिला नव्हता. आदल्या वर्षी, १९८२-८३ ला, कलकत्त्यात बंगालच्या घरच्या मैदानावर गोवा संयुक्त विजेता ठरला होता. १९८३-८४ ला मद्रासमध्ये पंजाबला हरवून ट्रॉफी एकट्याने आणली. मामा त्या वेळी पंचविशीत होता. सामना बघायला गेला नव्हता, रेडिओसुद्धा दुसऱ्याचा होता, पण सांगताना असा सांगतो की जणू गोलपोस्टला टेकून उभा होता.

त्याचं एक वाक्य ठरलेलं: ‘गोल मारपी सगल्यांक दिसता, आडावपी कोणाक दिसना.’ लहानपणी हे ऐकून मी कंटाळायचो. आता धेंपोची पाच राष्ट्रीय विजेतेपदं डोळ्यांसमोर आणतो तेव्हा कळतं की मामा माझ्यापेक्षा बराच पुढचा खेळ बघत होता.

साळगावकरने आय-लीग जिंकली तो २०१०-११ चा मोसम. फातोर्ड्याला धेंपो-साळगावकर सामना होता आणि मी मामाबरोबर गेलो होतो. (धेंपोवाल्याने साळगावकरवाल्यांत बसायचं म्हणजे ओरडायची चोरी. चणे खात गप्प बसलो.) पंधरा-वीस मिनिटांनी मामा म्हणाला, ‘तू सारखा बॉलच बघतोयस. दहा मिनिटं बॉल बघू नको. तुमच्या त्या समीरला बघ नुसता.’

करून बघा कधीतरी. फार अवघड असतं. मान आपोआप बॉलकडे वळते. पहिली दोन-तीन मिनिटं तर मला वाटलं समीर काहीच करत नाहीये. चालतोय, थांबतोय, दोन पावलं मागे, एक बाजूला. मग लक्षात आलं की तो सतत बोलतोय. डावा हात खाली धरून बचावातल्या जोडीदाराला, महेश गवळीला, काहीतरी खुणावतो, मागे वळून गोलीला काहीतरी सांगतो, परत पुढे बघतो. आणि साळगावकरचा फॉरवर्ड जिथे धावायला निघतो, तिथे हा आधीच जाऊन उभा. धावत नाही, घसरत नाही, अंगावर चिखलसुद्धा नाही. फॉरवर्डला बॉल द्यायची जागाच उरत नाही, म्हणून बॉल दुसरीकडे जातो. लोकांना वाटतं पास चुकला. पास चुकलेला नसतो, चुकवलेला असतो.

दहा मिनिटं झाल्यावर मामाने विचारलं, ‘समजलं?’ मी मान हलवली. मग तो म्हणाला, ‘आता खुशाल बॉल बघ. पण तो आता तुला पहिल्यासारखा दिसायचा नाही.’ खरंच नाही दिसला. त्यानंतर मी रँटीचे गोल बघायचो आणि माझ्या मनात यायचं की हा बॉल कुणी कुणाकडून काढून घेतला, तिथून बघायला हवं होतं.

याचा पुढचा धडा चवथीला झाला. विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळं, उतरवत होतो. मामाने बहुतेक नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) नशेत जमिनीवर धेंपोचा बचाव मांडला. तोरिंजन हे मोठं लिंबूवर्गीय फळ म्हणजे समीर नाईक, सोललेला नारळ म्हणजे महेश गवळी, मध्ये कवंडाळ हे एक रानफळ म्हणजे क्लायमॅक्स लॉरेन्स, आणि सुपारीचा घोस सोडवून कोलकात्याच्या मोहन बागानची आघाडीची फळी. नारळ पुढे सरकला की तोरिंजन मागे, कवंडाळ आडवं. पाऊण तास हे चाललं. शेवटी आजीने ‘देवाच्या वस्तूंनी खेळू नका रे’ म्हणून सगळं गोळा केलं. सुपारी गोळा होता होता मामा मला सांगत होता की क्लायमॅक्स पुढे गेला तर मागची जागा कोण भरणार. क्लायमॅक्सबद्दल एवढं सांगायलाच हवं: २००८ च्या एएफसी चॅलेंज कपात अफगाणिस्तानविरुद्ध शेवटच्या क्षणी भारताचा एकमेव गोल त्याने मारला होता. मामाचं म्हणणं, कवंडाळ कधीतरीच गोल मारतं, पण मारतं तेव्हा कामाचा मारतं.

परदेशी खेळाडू आले, गेले, आणि आपले गोव्याचे तेवढे आठवतात, असं मात्र मी म्हणणार नाही, कारण क्रिस्तियानो ज्युनियर आहे. धेंपोसाठी तो काही महिनेच खेळला. ५ डिसेंबर २००४ ला बंगळूरच्या कंठीरव स्टेडियमवर फेडरेशन कपची अंतिम लढत होती, समोर मोहन बागान. धेंपो २-० ने जिंकलं, दोन्ही गोल त्याचे. दुसरा गोल मारताना गोलीशी टक्कर झाली, तो कोसळला आणि वाचला नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या वाड्यावर टीव्हीसमोर बसलेली पोरं ट्रॉफी जिंकल्यावर नाचायला बाहेर पडली होती. मग कुणीतरी आतून हाक मारली. धेंपोने त्याची दहा नंबरची जर्सी पुन्हा कुणाला दिली नाही. त्याच मोसमात क्लबने पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. त्याच्याबद्दल माझ्या पिढीतले लोक अजूनही फारसं बोलत नाहीत. नाव निघालं की दोन क्षण गप्प होतात आणि मग कुणीतरी बेतोचा विषय काढतं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जुन्यांबद्दलच का बोलतो. सरळ उत्तर: २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो, गोव्याच्या या तिन्ही क्लबांनी आय-लीग सोडली. ज्या क्लबवर आपण वीस-तीस वर्षं जीव टाकला तो गोव्याच्या लीगपुरता उरला, मग बोलायचं कुणाबद्दल? वर एक विनोद असा की २०१४ मध्ये नव्या इंडियन सुपर लीगसाठी एफसी गोवा निघाला तेव्हा त्याच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर, दोन्ही घराण्यांतली माणसं होती. मामा म्हणाला, ‘आम्ही तिथे स्टँडवर एकमेकांची डोकी फोडायचो आणि हे एका बाकावर बसून चहा घेतायत.’ वर्षभर तो फातोर्ड्याला फिरकला नाही. मग झिको प्रशिक्षक आहे म्हणून एकदा ‘नुसता बघायला’ गेला.

माझा भाचा मात्र लहानपणापासून एफसी गोवावाला. तो आता सोळा वर्षांचा आहे आणि त्यालाही जुने खेळाडू आठवायला लागलेत! एफसी गोवाचा स्पॅनिश फॉरवर्ड कोरोमिनास. तीन मोसमांत ४८ गोल, २०२० मध्ये गेला. भाचा ‘कोरो असता तर’ असं म्हणतो तेव्हा त्याचा आवाज अगदी मामासारखा लागतो. मी त्याला सांगितलं, दहा मिनिटं बॉल बघू नको. त्याने मोबाइलमध्ये बघितलं.

आणखी एक कारण आहे, आणि मला ते जास्त पटतं. आमचे जुने खेळाडू नजरेआड होतच नाहीत. समीर निवृत्त झाला आणि धेंपोचाच प्रशिक्षक झाला. क्लिफर्ड मिरांडाने २०१९-२० च्या मोसमाच्या शेवटी एफसी गोवाची सूत्रं हातात घेतली आणि साखळी फेरीत पहिल्या येणाऱ्या संघाची लीग शील्ड जिंकून दाखवली, मग २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप मिळवून दिला. त्याच वर्षी दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत भारताच्या मुख्य प्रशिक्षकावर बंदी आली तेव्हा उपांत्य आणि अंतिम सामन्यात बाजूला कोण उभा होता? महेश गवळी. मैदान तेच, कंठीरव. कुवेतला पेनल्टीवर हरवलं तेव्हा कॅमेरा त्याच्यावर गेला, आणि हा एक हात खाली धरून कुणाला तरी काहीतरी खुणावत होता. मी घरात एकटाच ओरडलो, ‘नारळ!’ बायकोला अजून कळलेलं नाही मी काय म्हणालो ते.

या सगळ्यांना घडवणारे धेंपोचे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. धेंपोची पाचही विजेतेपदं त्यांच्या हाताखालची. त्यांच्यावर लिहायला बसलो तर वेगळं उत्तर लागेल, कुणीतरी तसा प्रश्न विचारा.

धेंपो २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परत आला. ज्या दिवशी हे पक्कं कळलं त्या दिवशी मी मामाला फोन केला. अभिनंदन करेल अशी आशा नव्हतीच. तो म्हणाला, ‘बरें जालें. पण फाटीं कोण?’ म्हणजे मागे कोण उभा राहणार.

हे उत्तर लिहिताना माझ्या आवडत्या धेंपोचे अकरा जण एका कागदावर काढले होते. आघाडीला रँटी आणि बेतो, डावीकडे क्लिफर्ड, उजवीकडे अँथनी परेरा, मध्ये क्लायमॅक्स, मागे समीर आणि महेश, गोलमध्ये अभिजित मंडल, असं करत करत. ५७६ चा आकडा बरोबर आहे ना, हे एकदा विचारून घ्यावं म्हणून मामाला पुन्हा फोन लावला आणि यादीही वाचून दाखवली. शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं त्याने. मग म्हणाला, ‘गोली बदल.’

मी म्हटलं, ‘मामा, हा धेंपोचा संघ आहे. ब्रह्मानंद तुमच्या साळगावकरचा.’

‘तें हांव जाणां,’ मामा म्हणाला. ‘तू गोली बदल.’

कागदावर बदललाय. अभिजितची माफी मागून.