नऊ टक्के वापर आणि तीन आठवड्यांची रांग

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या सामाईक उपकरणकक्षात स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. गेल्या वर्षी लॉगबुकात 1,040 नमुने आणि 780 तास नोंदले गेले. वर्षाचे 8,760 तास धरून समितीने ‘वापर जेमतेम 9 टक्के’ असा शेरा मारला आहे. प्रत्यक्षात फेब्रुवारी-मार्चमध्ये विद्यार्थ्यांना तीन-तीन आठवडे थांबावे लागते. तंत्रज्ञ एकच आहे. कामाचे दिवस 240 होते. त्यांतले 25 दुरुस्तीत आणि 15 तंत्रज्ञाच्या रजेत गेले. प्रशिक्षणाला 100 तास लागले. खरी क्षमता कशी मोजावी? दुसरे यंत्र मागावे का?
— एक प्राध्यापिका, सोलापूर

उत्तर : समितीचा भागाकार बरोबर आहे, भाजक मात्र चुकीचा आहे. 8,760 तास हे घड्याळाचे तास आहेत. ज्या कक्षाला रात्री कुलूप लागते, त्याच्या कामाशी त्यांचा संबंध नाही. आपल्याच आकड्यांवरून पाहू. 240 दिवसांतून 40 वजा केले की 200 दिवस उरतात, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने 1,600 तास. सकाळी यंत्र सुरू करणे, जुळवणी तपासणे आणि संध्याकाळी नीट बंद करणे यांना रोज एक तास धरला, तर 200 तास जातात. प्रशिक्षणाचे 100 तास वेगळे. राहिले 1,300 तास. आपल्या भागाकारात खाली हाच आकडा हवा.

आता वरचा आकडा पाहू, कारण माझ्या मते तोही अपुरा आहे. आपल्या नोंदीनुसार एका नमुन्याला सरासरी 45 मिनिटे लागली. यावरून वाटते, की लॉगबुकात फक्त इलेक्ट्रॉन शलाका (नमुन्यावर सोडलेला इलेक्ट्रॉनचा झोत) सुरू असल्याचा वेळ लिहिला जातो. पण नमुना बदलताना तो जिथे ठेवतात त्या कक्षिकेत हवा सोडावी लागते, नवा नमुना बसवावा लागतो आणि पुन्हा व्हॅक्यूम येईपर्यंत थांबावे लागते. त्याला पंधरा मिनिटे धरली, तरी 1,040 नमुन्यांचे 260 तास होतात. तेव्हा यंत्र 780 नव्हे, 1,040 तास गुंतलेले होते आणि 1,300 तासांशी त्याचे प्रमाण 80 टक्के आहे.

ही पंधरा मिनिटेसुद्धा नमुना व्यवस्थित वाळलेला असेल तरच पुरतात. कार्बन टेपवर लावलेली पूड जराशी ओलसर राहिली, तर तिच्यातून वाफ सुटत राहते, पंप चालूच राहतो आणि कक्षिकेतला दाब पुरेसा खाली येतच नाही. तंत्रज्ञ पडद्यापुढे बसून राहतो आणि लॉगबुकात या अर्ध्या तासाची ओळही पडत नाही. टंगस्टन फिलामेंटचेही, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या बारीक तारेचेही, तसेच. तिचे आयुष्य साधारण शंभर तासांच्या आसपास असते. आपल्या वापराला वर्षाकाठी सात-आठ फिलामेंट लागत असतील, आणि प्रत्येक वेळी गन (फिलामेंट बसते तो भाग) थंड होऊ देणे, साफ करणे, नवी फिलामेंट बसवून पुन्हा जुळवणी करणे यांत दीड-दोन तास सहज जातात.

म्हणून पुढचे दोन महिने प्रत्येक नमुन्याच्या चार वेळा लिहून ठेवाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे : नमुना आत गेला ती वेळ, शलाका सुरू झाली ती, बंद झाली ती आणि नमुना बाहेर आला ती. यंत्र रिकामे राहिले, तर त्याचे कारणही लिहावे : नमुना आला नाही, वीज गेली की तंत्रज्ञ दुसऱ्या कामात होता. तारीख मिळाली नाही म्हणून जे परत गेले, त्यांची वहीही वेगळी ठेवावी. ती मागणी कोणत्याच लॉगबुकात उतरत नाही. नुसती नमुन्यांची संख्या मोजू नये, कारण पॉलिमरच्या एका अवघड नमुन्यावर जितका वेळ जातो, तितक्यात धातूचे तीन नमुने पाहून होतात.

80 टक्के म्हणजे अजून 20 टक्के वाव आहे, असे समितीतले कोणी म्हणेल. रांगेच्या गणिताचा सर्वांत साधा नमुना घेतला, तर 50 टक्के भारावर सरासरी प्रतीक्षा एका कामाच्या वेळेइतकी असते, 80 टक्क्यांवर ती चौपट होते आणि 90 टक्क्यांवर नऊपट. तेव्हा सामाईक यंत्राचा भार 80 टक्क्यांच्या वर नेण्याचे उद्दिष्ट मी तरी ठेवणार नाही. शिवाय आपली सरासरी वर्षाची आहे. प्रकल्पांच्या दिवसांत मागणी क्षमतेच्या वर जाते आणि मे महिन्यात यंत्र मोकळे असते, हे तिच्यात दिसत नाही. समितीला महिनावार तक्ताच द्यावा. आय-स्टेम या संशोधन-उपकरणांच्या सामाईक वापरासाठीच्या सरकारी पोर्टलवर बाहेरच्या संशोधकांसाठी वेळ खुली करणार असाल, तर तीही याच तक्त्यातल्या मोकळ्या महिन्यांतून काढावी.

दुसरे यंत्र आताच मागू नये. आधी दुसरा प्रशिक्षित तंत्रज्ञ मागावा. रजेचे 15 दिवस वाचले, तर रोजचा सुरू-बंद करण्याचा तास सोडूनही 105 तास परत मिळतात, आणि फेब्रुवारी-मार्चच्या साधारण 40 कामाच्या दिवसांत कक्ष दोन तास जास्त उघडा ठेवता आला, तर आणखी 80 तास, तेही नेमके रांग लागते तेव्हा.